रन म्हणजे फक्त धावणे नाही, हे शिकवणाऱ्या आमच्या तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी केलेल्या, अंकलना

अंकल, हे पत्र मी मुद्दाम सगळ्यांना दिसेल असं लिहितेय. तुम्हाला देवनागरी वाचायला वेळ लागतो हे माहीत आहे, त्यामुळे रविवारी चर्चमधला मीस आटपून आलात की तुमच्या बाल्कांवात, दारासमोरच्या ओट्यावर बसून मीच वाचून दाखवेन. पण तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते आपल्या गोव्यातल्या चोडण बेटावरच्या लोकांना कळायला पाहिजे, आणि माझ्यासारखं चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकून पाचवीपासून एकदम सगळं इंग्लिशमधून सुरू झालेल्या प्रत्येक मुलामुलीला पण कळायला पाहिजे.

तो दिवस आठवतो का? हॉटेलच्या लाँड्रीत मला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. एका गेस्टने लाल ओढणी धुवायला दिली आणि सोबत चिठ्ठी लिहिली होती, 'धिस मे रन'. आता रन म्हणजे धावणे हे मला पाचवीतच पाठ झालेलं, ओढणी कशी धावणार, मला वाटलं लवकर पाहिजे असेल, धावपळ करा असं काहीतरी म्हणायचं असेल, म्हणून घाईघाईत मी ती पांढऱ्या लिननसोबतच मशीनमध्ये टाकली. बाहेर काढली तेव्हा चौदा पिलो कव्हर गुलाबी. सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलला, पगारातून पैसे कापले ते वेगळेच. फेरीतून उतरले तेव्हा मी रडत होते आणि तुम्ही गेटवर उभे होतात. 'कितें जालें गो बाय?' एवढंच विचारलंत.

मी सगळं सांगितलं. तुम्ही सव्वीस वर्षं बोटीवरच्या लाँड्रीत काढलेली, तुम्हाला चिठ्ठी बघायची पण गरज पडली नाही. म्हणालात, 'रंग व्हांवता गो, व्हांवता.' मग नाकाखालून बोट फिरवून दाखवलंत, नाक व्हांवता तें रन, नळ व्हांवता तें रन, न्हंय, म्हणजे नदी, व्हांवता तें रन. अंकल, खरं सांगते, त्या एका शब्दाने माझ्या डोक्यातली गाठ सुटली. शाळेत मला 'धावणे' दिलं होतं, तुम्ही 'वाहणे' दिलंत. नंतर वाचलं की हा शब्द जुन्या इंग्लिशमध्येच वाहण्याच्या अर्थाने पण होता आणि त्याचा जर्मनमधला भाऊ 'रिनेन' आजही वाहणे याच अर्थाने वापरतात. म्हणजे तुम्ही सांगितलेला अर्थ मागून चिकटलेला नव्हता, मुळातलाच होता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही वही आणायला लावलीत. मी म्हटलं, एका शब्दाला इतके अर्थ कशाला पाहिजेत, मला हे कधी जमणार नाही. तर तुम्ही मलाच उलट विचारलंत की त्या पिलो कव्हरांना काय झालं ते मराठीत सांग. मी म्हटलं, रंग लागला. मग तुम्ही एकेक विचारत गेलात आणि मी सांगत गेले. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, आग लागते, बस लागते, दूध करपलं की तळाला लागतं, आंबा गोड लागतो, चोडणाहून पणजीला जायला वेळ लागतो. हे सगळं मी कधी पाठ केलं नव्हतं. 'काय' लागलं ते बघून अर्थ आपोआप कळतो. तुम्ही म्हणालात तसंच रनचं, शब्दाकडे बघू नको, कोण रन करतंय ते बघ. मला आतापर्यंत वाटायचं माझ्यातच काहीतरी कमी आहे, त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं की माझ्याकडे हे सगळं आधीपासून आहे.

मग वही भरत गेली. बोटीवरच्या बायकांच्या स्टॉकिंगला कुठे खिळा लागला की धागा सुटत सुटत गुडघ्यापासून घोट्यापर्यंत जायचा, त्यालापण अमेरिकन गेस्ट रन म्हणायचे हे सांगताना तुम्ही स्वतःच्या पायावरून बोट खाली आणलंत, तेव्हापासून तो अर्थ मी विसरूच शकत नाही. मशीन, दुकान, घड्याळ हे सगळं आपल्याकडे चालतं आणि इंग्लिशमध्ये धावतं, हे माझं मी शोधलं आणि तुम्ही वहीवर चांदणी काढून दिलीत. अमेरिकेत निवडणुकीला रन करतात पण ब्रिटिश लोक आपल्यासारखे उभे राहतात, हे पण तेव्हाच कळलं. टॉवेल संपले तरी रन आउट, कुणी अचानक भेटलं तरी रन इनटू. जून २००० मध्ये कांदोळीच्या किनाऱ्यावर येऊन रुतलेली रिव्हर प्रिन्सेस नावाची बोट, जी दहा वर्षांहून जास्त तिथेच गंजत राहिली, ती 'रॅन अग्राउंड'. हे सांगताना तुमचा चेहरा पडला होता, बोटीवर आयुष्य काढलेल्या माणसाला ते बघवत नसणार.

एकच अर्थ मला बरेच दिवस पटत नव्हता. 'द कॉजवे रन्स अलाँग द रिव्हर'. रायबंदरचा तो पोर्तुगीजांच्या वेळचा रस्ता तर जागचा हलत पण नाही! तुम्ही काही समजावलं नाहीत. मला सोबत घेऊन फेरीने पलीकडे आलात, पाण्याकडे तोंड करून उभं केलंत आणि म्हणालात, पणजीपर्यंत बघ. मी बघितलं. माझी नजर सरळ कडेकडेने धावत गेली.

तुम्हाला मी ऑक्सफर्ड डिक्शनरीचं सांगितलं तेव्हाची मजा पण लिहायलाच पाहिजे. त्या डिक्शनरीत आधी सगळ्यात मोठी नोंद 'सेट' या शब्दाची होती, नंतर तिथल्या पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकाने महिनोनमहिने बसून रनवर काम केलं आणि एकट्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ निघाले. तुम्ही क्षणभर गप्प, मग एकदम मांडीवर थाप मारलीत, 'सरदेसायापरस तीन चड!', म्हणजे सरदेसाईंपेक्षा तीन जास्त. आपल्या मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी १९७१ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये त्या एका मालिकेत ६४२ रन काढले होते, ते तुम्ही रेडिओला कान लावून ऐकलेले आणि आकडा अजून तोंडपाठ. त्यानंतर अर्धा तास तुम्ही किंग्स्टनच्या त्या २१२ बद्दलच बोलत होतात आणि वही तशीच उघडी राहिली.

अंकल, तुम्ही एक पैसा घेतला नाही. पाठ केलं का असं कधी विचारलं नाही, चुकले म्हणून हसला नाहीत. आता मी लाँड्रीत नाही, रिसेप्शनवर आहे, आणि गेस्टच्या चिठ्ठ्या समजल्या नाहीत तर खालची मुलं माझ्याकडे घेऊन येतात. मी त्यांना अर्थ सांगत नाही, आधी विचारते कोण रन करतंय. देव बरें करूं, अंकल.

आणि हो, काल मॅनेजर नवीन रेटचा कागद दाखवत म्हणाले, 'रन इट बाय मी बिफोर यू प्रिंट'. हे आपल्या वहीत नव्हतं. मी कुणालाच विचारलं नाही, छापायच्या आधी कागद त्यांच्या नजरेखालून काढला आणि मग छापला. वहीत लिहून ठेवलंय, रविवारी तेवढं बघून द्या.