खोल पाण्याचे वय

बडोदे

प्रिय श्रीकांत,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन पत्रांना उत्तर गेले नाही, याची रुखरुख आहेच. आईची तब्येत बरी आहे, मीही ठीक आहे. आज मात्र अशी अडचण घेऊन बसलो आहे, जी तुझ्याखेरीज कुणापुढे मांडता येत नाही.

माझ्या विद्यार्थिनीचा महासागराच्या संगणकीय मॉडेलचा रन अखेर पूर्ण झाला; खोल पाण्याचे वय, म्हणजे ते पृष्ठभागावरून बुडाल्याला किती वर्षे झाली, हे त्यातून काढायचे होते. सर्व महासागरांत उभ्या मिश्रणाचा गुणांक (वरचे-खालचे पाणी किती झपाट्याने मिसळते त्याचे माप) एकच, समुद्रशास्त्रज्ञ मुंक यांनी १९६६ मध्ये काढलेला सेकंदाला सुमारे १ चौरस सेंटीमीटर इतका धरला, तर उत्तर पॅसिफिकच्या खोल पाण्यातील कार्बन-१४ मोजमापांशी छान जुळतो, पण वरच्या थरांत सीएफसी (माणसाने बनवलेले क्लोरोफ्लुरोकार्बन वायू) नको तितके खोल उतरतात. गुणांक दहापट कमी केला की सीएफसी जागेवर येतात आणि तळाचे पाणी अवास्तव म्हातारे होते. दोष पाण्याचे वय सांगणाऱ्या या दोन घड्याळांचा नाही: सीएफसी १९३० च्या सुमारास हवेत येऊ लागले, म्हणून त्यांना अलीकडे बुडालेलेच पाणी दिसते; ५,७३० वर्षे अर्धायुष्य असलेल्या कार्बन-१४ ला हजार वर्षांमागचे दिसते.

मुंक यांचा आकडा तुझे दैवत. लेडवेल यांच्या गटाने १९९२ मध्ये अटलांटिकमध्ये सुमारे ३०० मीटर खोलीवर सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू सोडून त्याचा माग काढला आणि गुणांक मुंक यांच्या आकड्याच्या एक-दशांशाच्या आसपास निघाला, हे मी सांगितले त्या रात्री तू जेवला नव्हतास. पुढे ब्राझील खोऱ्याच्या खडबडीत तळावर मिश्रण कितीतरी जास्त सापडले, तेव्हा तू आईकडून श्रीखंड वसूल केलेस!

आता विद्यार्थिनी म्हणते, दोन्ही जुळेपर्यंत गुणांक खोलीनुसार बदलत नेऊ. तसे जमेलही, पण मग मॉडेल तपासायला उरणार काय? तो बदल मिश्रण घडवणारी भरती-ओहोटीची ऊर्जा आणि तळाचा खडबडीतपणा यांवरून यावा, कार्बनवरून नव्हे, असे माझे ठाम मत आहे. कसोटीसाठी आर्गॉन-३९ हे तिसरे, किरणोत्सर्गी घड्याळ बाजूला ठेवावा असे वाटते. त्याचे अर्धायुष्य २६९ वर्षे, म्हणजे त्याला दिसणारा काळ नेमका सीएफसी आणि कार्बन-१४ यांच्या मधला. पूर्वी एका नमुन्याला टनभर पाणी लागे, आता अणू पकडून मोजण्याच्या पद्धतीने काही लिटर पुरतात. पण मोजमापे अजून थोडी आहेत, आणि तिचा प्रबंध सादर करण्याची मुदत जवळ आली आहे. एवढ्या थोड्या नमुन्यांवर तिचे काम तोलणे न्याय्य होईल का?

तुझ्या निवृत्तीचे कळले. नव्या घराचा पत्ता कळव. वहिनींना नमस्कार. विद्यार्थिनीला सोमवारी उत्तर द्यायचे आहे, तेव्हा त्याआधी फोन कर.

तुझा,
अविनाश