ताई, तुम्ही मोजलंत म्हणून

प्रिय फार्मासिस्ट ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही हे मला माहितीये. दुकानाचंही लिहीत नाही, कारण हे पत्र तक्रारीचं नाही. तक्रार मी तेव्हाच लेखी दिली होती आणि तिचं जे व्हायचं ते झालं. हे पत्र फक्त आभाराचं आहे. सगळ्यांना वाचता येईल असं ठेवलंय, कारण अजून कोणाच्या तरी घरी औषधाच्या गोळ्या कमी निघाल्या असतील, काउंटरवरून "आम्ही तर पूर्ण दिल्या होत्या" असं उत्तर आलं असेल, आणि तो माणूस आत्ता स्वतःवरच शंका घेत बसला असेल. मी पण तशीच बसले होते.

तुम्हाला सगळं माहितीये तरी पहिल्यापासून सांगते.

माझ्या लेकीला फिट्स येतात. क्लोबाझम चालू आहे, १० एमजीची गोळी, सकाळी १ आणि रात्री २, म्हणजे महिन्याच्या ९०. हे औषध सुरू झाल्यापासून १४ महिने तिला एकही फिट आली नव्हती, आणि हे १४ महिने म्हणजे काय ते ज्याच्या घरी फिट्स आहेत त्यालाच कळेल, मी रात्री सलग झोपायला लागले होते, ती एकटी बाथरूमची कडी लावून आंघोळ करायला लागली होती. त्या महिन्याचं औषध आणलं तेव्हा घरी आधीच्या ८ दिवसांच्या गोळ्या शिल्लक होत्या, म्हणून पिशवी तशीच स्टेपल केलेली कपाटात ठेवली. आठ दिवसांनी उघडली तर आत दोनच खोकी. एका खोक्यात ३० गोळ्या. पिशवीवरच्या लेबलवर ९० लिहिलेलं, बिलावर ९०, आणि हातात ६०.

मी कपाट रिकामं केलं. कचऱ्याची पिशवी उलटी केली. लेकीच्या दप्तरात बघितलं, तिला दोनदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारताना माझा आवाज चढला आणि ती रडायला लागली, त्याचं मला आजही वाईट वाटतं. मग फोन केला. फोनवरच्या मुलाने कॉम्प्युटरवर बघून सांगितलं की ९० दिलेत. मी प्रत्यक्ष गेले तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी विचारलं की मग आठ दिवस काय करत होतात, आणि तुम्ही सही केलीये. तिसऱ्या वेळेला मॅनेजरशी बोलले. ते म्हणाले आम्ही स्टॉक चेक केला, एकदम टॅली होतोय, एक गोळी जास्त नाही की कमी नाही. आणि मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "घरात अजून कोणी घेतं का ही गोळी?"

मागे रांगेत चार माणसं उभी होती. मला काही उत्तरच सुचलं नाही. मी घरी आले.

तोपर्यंत माझ्याच मनात यायला लागलं होतं की स्टॉक टॅली होतोय म्हणजे तेच बरोबर असणार, मीच कुठेतरी हरवल्या असणार. नवीन महिन्याच्या गोळ्या तारखेच्या आधी मिळत नाहीत, ही गोळी कुलपात ठेवून मोजून देतात तसली आहे. मग मी जे केलं ते तेव्हा कोणालाच सांगितलं नव्हतं, आज लिहिते. मी रात्रीच्या दोनच्या जागी दीड द्यायला सुरुवात केली. पुरवून पुरवून महिना काढू असं वाटलं. चार रात्री दिली तशी. तिला काहीच झालं नाही, त्यामुळे माझी हिंमत वाढली आणि पाचव्या दिवशी मी एकच देणार होते.

त्या पाचव्या दिवशी संध्याकाळी मी चौथ्यांदा तुमच्याकडे आले, खरं तर दुसऱ्याच एका औषधासाठी. काउंटरवर तुम्ही होतात, मी तुम्हाला आधी कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही लेबल बघून सहज विचारलंत की क्लोबाझम नीट चालू आहे ना, आणि मला रडू आलं.

ताई, तुम्ही तेव्हा "मला पटतंय तुमचं" असं म्हणाला नाहीत. ही गोष्ट मी नंतर बऱ्याच जणांना सांगितली. तुम्ही मला बाजूच्या खुर्चीवर बसवलंत आणि पहिला प्रश्न विचारलात, "आत्ता हातात किती गोळ्या आहेत?" माझ्या पर्समध्ये खोकं होतं, मी ते सगळीकडे बरोबर घेऊन फिरत होते तेव्हा. तुम्ही माझ्यासमोर मोजल्यात, १७. मग कागदावर हिशोब मांडलात. पंधरा दिवस झाले, दिवसाला ३ प्रमाणे ४५ जायला हव्यात, ६० मिळाल्या असतील तर १५ उरायला हव्यात, मग १७ कशा? तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागाने अजिबात नाही. "डोस कमी केलाय का तुम्ही?"

मी हो म्हटलं आणि किती दिवस ते सांगितलं. तुम्ही पेन खाली ठेवलंत.

त्यानंतर तुम्ही जे समजावलंत ते माझ्या डोक्यात कोरलं गेलंय. ही गोळी अंगात गेल्यावर तिचं दुसऱ्या एका द्रव्यात रूपांतर होतं आणि तेही फिट्सवर काम करतं. मूळ औषध निम्मं व्हायला ३६ ते ४२ तास लागतात आणि त्या दुसऱ्या द्रव्याला ७१ ते ८२ तास, म्हणजे तीन दिवस किंवा थोडं जास्तच. म्हणून डोस कमी केल्यावर दुसऱ्या दिवशी काहीच दिसत नाही, मूल मस्त हसतं खेळतं, आपल्याला वाटतं चालतंय की, आणि पातळी मात्र आत रोज थोडी थोडी उतरत असते. ही गोळी ज्या गटातली आहे त्या बेन्झोडायझेपिन गटातली औषधं अचानक बंद केली किंवा पटकन उतरवली तर त्यानेच फिट येऊ शकते, आणि थांबतच नाही अशी मोठी फिट पण येऊ शकते. तुम्ही म्हणालात, "तुम्ही वाईट आई नाही, तुम्हाला गोळ्या कमी मिळाल्या म्हणून तुम्ही वाटून दिल्या, पण आज रात्री काय द्यायचं ते आपण डॉक्टरांना विचारून ठरवू." आणि तिथूनच डॉक्टरांना फोन लावलात. मी तीन दिवस त्यांना फोन करायला घाबरत होते की ते पण तोच प्रश्न विचारतील. त्यांनी सांगितलं आज रात्रीपासून पुन्हा दोन. दोन मिनिटांचं काम होतं ते.

मग तुम्ही मोजायला गेलात.

हा भाग मला सविस्तर लिहायचाय कारण मी "स्टॉक टॅली होतोय" ऐकलं होतं आणि ते खोटं नव्हतं! खरंच टॅली होत होता. तुम्ही कपाटाची किल्ली घेतलीत, आतली सगळी खोकी काढून मोजलीत, रजिस्टरशी जुळवलीत, जुळली. मला वाटलं संपलं. पण तुम्ही तिथे थांबला नाहीत. तुम्ही म्हणालात की आजचा आकडा जुळणं ठीक आहे, पण तो कसा जुळला ते बघायला हवं. आणि मागे जायला लागलात, एक एक एंट्री, एवढी खोकी आली, एवढी गेली, एवढी उरली. तेवीस दिवस मागे. ज्या दिवशी मी औषध नेलं त्याच दिवशी दुकान बंद करताना कोणीतरी कपाट मोजलं होतं, ३० गोळ्या जास्त भरल्या होत्या, आणि त्याने किंवा तिने कॉम्प्युटरमध्ये +३० टाकून समोर "स्टॉक करेक्शन" असं लिहून आकडा जुळवून टाकला होता. बस. माझं तिसरं खोकं कपाटात परत गेलं होतं आणि रात्रीच्या एका एंट्रीने ते कायमचं दुकानाचं झालं होतं. त्यानंतर जो कोणी तपासेल त्याला स्टॉक टॅलीच दिसणार होता.

तुम्ही स्क्रीन माझ्याकडे वळवून ती ओळ दाखवलीत. बाकीच्या पेशंटची नावं हाताने झाकून, हे पण माझ्या लक्षात आहे.

आणि मग तुम्ही म्हणालात, "चूक आमची आहे." मोठ्याने, काउंटरवर, लोक उभे असताना. मॅनेजरने तो प्रश्न आवाज खाली आणून विचारला होता तरी सगळ्यांना ऐकू गेला होता, आणि तुम्ही हे सगळ्यांना ऐकू जाईल असंच बोललात. तुम्हाला त्याची किंमत मोजावी लागली असणार, तुम्ही कधी बोलला नाहीत पण नोकरीत सहकाऱ्यांची चूक गिऱ्हाईकासमोर मान्य करणं कोणालाच सोपं नसतं. माझ्यासाठी ते गोळ्यांपेक्षाही जास्त होतं हो. पंधरा दिवस... नाही, गोळ्या कमी आहेत हे कळल्यापासून प्रत्येक दिवस मी मनात कोणाला ना कोणाला तरी उत्तरं देत होते.

मी तुम्हाला रागातच विचारलं की तो घरात कोणी घेतं का वाला प्रश्न त्यांनी का विचारला. तुम्ही त्यांची बाजू पण सांगितलीत. बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्यांचा गैरवापर होतो, त्या विकल्या जातात, घरातली दुसरी व्यक्ती चोरून घेते असंही घडतं, म्हणूनच या गोळ्या मनावर परिणाम करणाऱ्या औषधांवरच्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत आणि म्हणूनच कुलूप आणि रजिस्टर आहे. तुम्ही म्हणालात, हा प्रश्न आम्हाला कधीतरी विचारावाच लागतो, पण तो आपलं सगळं मोजून झाल्यावर विचारायचा, त्याच्या आधी नाही. मला हे शंभर टक्के पटलं. मला फुकटचा विश्वास नकोच होता, उद्या खरंच कोणाच्या घरातून गोळ्या गायब होत असतील तर तिथे नुसता विश्वास ठेवणं पण धोक्याचंच आहे. मला फक्त हवं होतं की कोणीतरी माझं म्हणणं तपासण्यासारखं आहे असं मानावं.

राहिलेल्या ३० साठी नवीन चिठ्ठी लागेल का असं मी घाबरत घाबरत विचारलं, तर तुम्ही म्हणालात मूळ चिठ्ठीवर ९० आहेत, त्यातल्या ६० च दिल्या गेल्या, ३० आम्ही तुमचं देणं लागतो. जुनी चुकीची एंट्री तुम्ही खोडली नाहीत, तिच्या पुढे नवीन एंट्री केलीत, कारण लिहिलंत, सही केलीत. चूक झाल्याचा रिपोर्ट भरलात आणि मी न मागता मला त्याची कॉपी दिलीत. आणि असंही सांगितलंत की यावर समाधान नसेल तर फार्मसीवर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे तक्रार करायचा तुम्हाला हक्क आहे, हा कागद तिथे उपयोगी पडेल. स्वतःच्या दुकानाविरुद्ध तक्रार कुठे करायची ते तुम्ही स्वतः सांगत होतात! मी लेखी तक्रार दुकानातच दिली, मॅनेजरने नंतर फोन करून माफी मागितली, नीट मागितली, तो विषय माझ्यासाठी तिथेच मिटला.

अजून एक. निघताना तुम्ही म्हणालात, यापुढे पिशवी इथेच उघडायची, आमच्यासमोर, लाजायचं नाही, मागे कितीही रांग असू दे. खोक्याचं सील फुटलेलं असेल तर आतल्या स्ट्रिप्स मोजायच्या, गोळीचं नाव आणि एमजी बघायचं, आणि घरी गेल्यावर काही वेगळं वाटलं तर स्ट्रिप उघडायच्या आधी फोटो काढून लगेच फोन करायचा, आठ दिवसांनी नाही. आणि कमी पडल्या तर वाटून द्यायच्या नाहीत, आधी फोन. हे मी आमच्या फिट्सवाल्या पालकांच्या ग्रुपवर टाकलं तेव्हा तिघीजणींनी लिहिलं की त्यांच्याकडेही कधी ना कधी कमी निघाल्या होत्या आणि त्या गप्प बसल्या, एकीने तर माझ्यासारखाच डोस कमी केला होता. तिच्याशी मी नंतर फोनवर तासभर बोलले. तुमचंच वाक्य सांगितलं तिला, की तू वाईट आई नाहीस.

लेक बरी आहे. त्या चार रात्रींनी काही झालं नाही, सुदैव आमचं. तिला मी सगळं सांगितलं आणि आवाज चढवल्याबद्दल सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "त्या काकूंनी कशा शोधल्या?" मी सांगितलं, मागे मागे जाऊन. आता गोळ्यांचा आठवड्याचा डबा तीच भरते, मी बाजूला बसते, आणि डब्यावर पेन्सिलने उरलेला आकडा लिहिते, तुमच्या रजिस्टरसारखा.

मागच्या वेळी औषध आणायला गेले तेव्हा तुमची ड्युटी नव्हती. काउंटरवर तोच मुलगा होता, पहिल्या दिवशी फोनवर ९० दिलेत म्हणणारा, आवाजावरून ओळखलं मी. त्याने मी काही बोलायच्या आत पिशवी उघडली, तिन्ही खोकी माझ्यासमोर एकाशेजारी एक ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, बघून घ्या." मी बघितली. तुम्हाला हे सांगायचं राहिलं होतं.

तुमची,
क्लोबाझमवाल्या मुलीची आई