स्टिअरिंग बॉक्स आवळणे हा इलाज नव्हे

महोदय,

‘चालकाचा ताबा सुटल्याने जीप उलटली’ हे वाक्य आपल्या भागातील बातम्यांत वारंवार वाचायला मिळते. पुष्कळ अपघातांत चूक चालकाची असेलही. परंतु मराठवाड्यात वीस-पंचवीस वर्षे जुन्या जीपगाड्या आजही आठवडी बाजार, लग्नकार्य, खत-बियाणे आणि प्रवासी अशा सगळ्या कामांना जुंपलेल्या आहेत, आणि त्यांतील अनेकींचे स्टिअरिंग ढिले असते, हे त्यांत बसणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. सरळ रस्त्यावरही चालक स्टिअरिंग सारखे डावी-उजवीकडे हलवत असतो. आपण त्याला त्याची सवय समजतो. वास्तविक गाडी रेषेत ठेवण्यासाठी त्याला ते करावेच लागत असते.

माझ्याकडे १९९० च्या दशकातील फोर-व्हील ड्राइव्ह जीप आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या स्टिअरिंगला बराच प्ले, म्हणजे चाके न वळता स्टिअरिंग नुसतेच फिरण्याची मोकळीक, आला, तेव्हा एका गॅरेजमध्ये स्टिअरिंग बॉक्सचा (स्टिअरिंगचे फिरणे चाकांकडे पोचवणाऱ्या दात्यांच्या पेटीचा) ॲडजस्टिंग स्क्रू आवळून पाच मिनिटांत गाडी हाती दिली गेली. स्टिअरिंग घट्ट लागले, म्हणून मीही समाधान मानले. पुढच्याच आठवड्यात मांजरसुंब्याच्या घाटात वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येईना, ते दोन्ही हातांनी ओढून आणावे लागले. समोरून ट्रक येत होता. तो क्षण मी विसरलेलो नाही.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे बॉक्समधील वर्म, म्हणजे स्टिअरिंगबरोबर फिरणारा आट्यांचा दांडा, मध्यभागी जास्त झिजतो आणि दोन्ही टोकांना जवळजवळ नव्यासारखा राहतो. मधली झीज भरून काढण्यासाठी स्क्रू बेताबाहेर आवळला की वळणावर बॉक्स जाम होऊ लागतो. शिवाय दोष मुळात बॉक्समध्ये नसेल, तर तो जिथे आहे तिथेच राहतो.

घरी आल्यावर मी गाडी सपाट जागी उभी केली. इंजिन बंद ठेवून आणि चाके जमिनीवरच टेकलेली राहू देऊन मुलाला स्टिअरिंग थोडेथोडे डावी-उजवीकडे हलवायला सांगितले, आणि बॅटरी घेऊन खाली आडवा झालो. ड्रॅग लिंक (बॉक्सकडून चाकांकडे जाणारा दांडा) आणि टाय रॉड (पुढची दोन्ही चाके जोडणारा दांडा) यांच्या प्रत्येक सांध्यावर बोटे ठेवत गेलो. एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला दुसरा उशिरा हलतो, ते बोटांना लगेच कळते. सांधे ठीक निघाले. पण स्टिअरिंग हलले की आख्खा बॉक्सच चासीवर (गाडीच्या सांगाड्यावर) जेमतेम दोरीच्या जाडीइतका सरकत होता. बोल्ट ढिले होऊन भोके लांबट झाली होती, आणि त्या बोल्टांवरचा गंज सांगत होता की तिथे कित्येक वर्षांत पाना लागलेला नाही.

यानंतर पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवून पाहावे. खडखड जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग ढिले आहे, तरीही राहिला तर किंग पिनचे, म्हणजे पुढचे चाक ज्या खिळीवर डावी-उजवीकडे वळते तिचे, बेअरिंग पाहावे लागते. खड्ड्यातून गेल्यावर पुढची चाके थरथरू लागतात, त्या त्रासाच्या मुळाशी अनेकदा किंग पिनच असते आणि लोक मात्र टायर बदलत बसतात. पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) बुश आणि त्या पट्ट्या ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट हेही याच वेळी तपासून घ्यावेत. बॉक्सला हात लावायचा तो हे सगळे झाल्यावर, तोही स्टिअरिंग बरोबर मध्यावर ठेवून.

आपल्या काळ्या मातीचा यात मोठा वाटा आहे. पावसाळ्यात चिखल सांध्यांच्या रबरावर बसतो, वाळून दगडासारखा होतो, रबर फाटते आणि धूळ ग्रीसमध्ये शिरते. म्हणून जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरणे आवश्यक आहे. त्याहून गंभीर म्हणजे सांध्यावरच्या खाचांच्या कॅसल नटात, तो सुटू नये म्हणून घालायच्या स्प्लिट पिनऐवजी वळवलेली तार किंवा खिळा घालणे, आणि झिजलेला सांधा वेल्डिंग करून चालवणे. या गोष्टी मी स्वतः पाहिल्या आहेत आणि त्या पाहून आजही अस्वस्थ होतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार स्टिअरिंगचा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त असता कामा नये, सांध्यांवर रबरी टोप्या असाव्यात आणि नट पक्के लॉक केलेले असावेत. ४० सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर ३० अंश म्हणजे कडेला सुमारे साडेदहा सेंटिमीटर, जवळजवळ अर्धी वीत. एवढी मोकळीक ही कायद्याची शेवटची मर्यादा आहे, आणि माझ्या मते घाटात उतरणाऱ्या गाडीला ती फारच जास्त आहे.

माझी परिवहन विभागाला विनंती आहे की फिटनेस तपासणीच्या वेळी जुन्या जीपगाड्यांचा हा प्ले प्रत्यक्ष टेपने मोजावा आणि गाडीखाली वाकून नट-पिना पाहाव्यात. दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठी माणसांनी भरलेल्या गाड्या आमच्या जिल्ह्यातून घाट उतरू लागतात. ही तपासणी त्याआधी गावोगावच्या बाजारतळावर झाली तर अधिक बरे.

आपला,
एक जीपमालक शेतकरी,
ता. अंबाजोगाई, जि. बीड