सांगाडा आपला, इंजिन कोणाचे?

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार.

रशियातील कालिनिनग्राड येथे १ जुलै २०२५ रोजी ‘आयएनएस तमाल’ ही फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, भारतीय नौदलात दाखल झाली, तेव्हापासून ‘परदेशातून घेतलेली ही आपली शेवटची युद्धनौका’ हे वाक्य भाषणांत, बातम्यांत आणि चर्चांत वारंवार कानी पडते आहे. नौदलाचा तसा मानस आहे आणि तो स्वागतार्हच आहे. मात्र या वाक्यात ‘युद्धनौका’ म्हणताना नेमके काय काय मोजले जाते, याची चौकशी फारशी होताना दिसत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

‘तमाल’ आणि तिच्या आधी ९ डिसेंबर २०२४ रोजी तिथेच दाखल झालेली ‘तुशिल’ या दोघी मुळात आपल्यासाठी बांधायला घेतल्याच नव्हत्या. कालिनिनग्राडच्या यांतर गोदीत २०१३ मध्ये रशियन नौदलासाठी ‘ॲडमिरल बुताकोव्ह’ आणि ‘ॲडमिरल इस्तोमिन’ या नावांनी त्यांचे काम सुरू झाले. या वर्गाच्या नौकांना लागणारी गॅस टर्बाइन, म्हणजे नौका चालवणारी इंजिने, युक्रेनमधील मिकोलायिव्ह शहरातल्या झोर्या-माशप्रोएक्त या कारखान्यातून येत असत. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला, युक्रेनने इंजिने देणे थांबवले आणि दोन्ही सांगाडे इंजिनावाचून अडकून पडले. पुढे २०१६ मध्ये भारत आणि रशिया यांच्यात चार फ्रिगेटसाठी समझोता झाला, दोन यांतर गोदीतल्या आणि दोन गोव्यात बांधायच्या. तेव्हा इंजिनांच्या बाबतीत तोडगा असा निघाला की ती भारताने युक्रेनकडून विकत घ्यायची आणि रशियन गोदीच्या हवाली करायची. बोलणे तुटलेल्या दोन भावांच्या सामाईक विहिरीचे पाणी तिसऱ्याने शेंदून द्यावे, तसा हा व्यवहार होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘तुशिल’चे जलावतरण झाले, त्यानंतर चार महिन्यांत युद्ध पेटले आणि ज्या शहरातून ही इंजिने आली त्या मिकोलायिव्हवर मारा सुरू झाला. नौका आपल्याला मिळाल्या, उशिरा का होईना. पण येत्या तीस वर्षांत या टर्बाइनची देखभाल, त्यांची पाती, सुटे भाग आणि मोठी दुरुस्ती यांसाठी आपल्याला ज्या कारखान्याकडे पाहावे लागणार आहे, तो स्वतःच युद्धाच्या छायेत उभा आहे, हे ‘शेवटची’ म्हणून टाळ्या वाजवताना आठवायला हवे.

ही खरेदीच चुकली, असे मला म्हणायचे नाही. २००३ मध्ये दाखल झालेल्या ‘तलवार’पासून या घराण्यातल्या सहा फ्रिगेट आपण आधीच चालवत होतो; खलाशांना त्या परिचित, त्यांचे प्रशिक्षण ठरलेले, ब्राह्मोस क्षेपणास्त्रे बसवण्याचा अनुभव गाठीशी. सेंट पीटर्सबर्ग आणि कालिनिनग्राडच्या कडाक्याच्या थंडीत प्रशिक्षण घेणाऱ्या आपल्या नौसैनिकांनी ‘तमाल’साठी जांबवंत हे चिन्ह निवडले, हेही मला मनापासून आवडले. अस्वलांच्या देशात बांधलेल्या नौकेला रामायणातला अस्वलराज शोभतो. शिवाय या वेळी ‘विक्रमादित्य’सारखी फरफट झाली नाही. रशियाकडूनच घेतलेल्या त्या विमानवाहू नौकेचा २००४ मधला सुमारे ९७ कोटी डॉलरचा करार २०१३ मध्ये ती ताब्यात येईपर्यंत दुपटीहून अधिक झाला होता, आणि निम्मे काम होऊन बसल्यावर आपल्यालाही मागे फिरता येत नव्हते.

माझा मुद्दा पुढचा आहे. ‘तमाल’मधील देशी भागांचे प्रमाण २६ टक्के असल्याचे अधिकृतपणे सांगण्यात आले. मग मुंबईतल्या माझगाव डॉक या गोदीत बांधलेल्या ‘विशाखापट्टणम’ वर्गाच्या विनाशिका पाहा. आराखडा आपला, पोलाद आपले, बांधणी आपली. पण त्यांना पुढे ढकलणारी टर्बाइन त्याच मिकोलायिव्हच्या कारखान्याची आहेत. नव्या ‘निलगिरी’ वर्गाच्या फ्रिगेट आणि कोचीत बांधलेली ‘विक्रांत’ यांच्या पोटात अमेरिकी रचनेची एलएम-२५०० टर्बाइन आहेत. नौदलाचे अधिकारी स्वतः युद्धनौकेचे तीन भाग करून बोलतात: तरंगणे, चालणे आणि लढणे. तरंगण्यात आपण जवळपास स्वावलंबी झालो आहोत, त्याचे श्रेय त्यांना आणि आपल्या गोद्यांना दिलेच पाहिजे. चालण्याच्या बाबतीत मात्र मोठ्या नौकांचे इंजिन अजून परक्याच्याच दारातून येते. लढाऊ विमानासाठी देशातच विकसित केलेल्या ‘कावेरी’ इंजिनाची सागरी आवृत्ती विशाखापट्टणम येथे चाचणीपर्यंत पोचली होती. ती एकाही युद्धनौकेवर बसली नाही. गोदीत काय बांधले गेले याच्या बातम्या येतात, चाचणीच्या बाकावर काय अडले याच्या येत नाहीत, ही आम्हा वाचकांचीही तक्रार समजावी.

दुसरी गोष्ट हातांची. मी मुंबईतल्या रे रोड परिसरात तीसेक वर्षे पाइप आणि फ्लँज (पाइप जोडण्याच्या चकत्या) तयार करणारा लहानसा कारखाना चालवला. जहाजांची कामे आमच्याकडे उपकंत्राटाने येत. जाड पाइपचा जोड वेल्ड झाला की रात्री, सगळे घरी गेल्यावर, त्याचा एक्स-रे काढला जाई आणि दुसऱ्या दिवशी तपासनीस ती फिल्म दिव्याच्या पेटीवर ठेवून भिंगातून पाहत बसे. मोहरीएवढा काळा ठिपका दिसला, म्हणजे धातूत हवेचा बुडबुडा अडकलेला निघाला, की तेवढा जोड ग्राइंडरने कोरून काढायचा, पुन्हा भरायचा आणि पुन्हा रात्रीची वाट पाहायची. आमच्याकडचा एक वेल्डर इलेक्ट्रोड, म्हणजे वेल्डिंगची कांडी, भट्टीतून काढल्यावर गार होऊ देत नसे. गार झालेला इलेक्ट्रोड त्याच्या हाती दिला तर तो सरळ परत करी. त्याच्या फिल्मवर ठिपका क्वचितच सापडे. मग एकदा दोन वर्षे त्या दर्जाचे काम आलेच नाही आणि तो आखातात निघून गेला. काम परत आले तेव्हा नव्या मुलांना तयार करण्यात आमचे दीड वर्ष गेले. त्यांच्या सुरुवातीच्या फिल्म मी अजून जपून ठेवल्या आहेत. ठिपक्यांनी भरलेल्या आहेत.

माझ्या चार वेल्डरच्या कारखान्यात घडले ते देशपातळीवर घडले, तेव्हा त्याची किंमत फार मोठी होती. डिसेंबर १९८१ मध्ये जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी पाणबुड्यांचा करार झाला. ‘शिशुमार’ आणि ‘शंकुश’ जर्मनीतल्या कील येथे बांधून आल्या, ‘शल्की’ आणि ‘शंकुल’ माझगाव डॉकमध्ये आपल्या कारागिरांनी बांधल्या. पाणबुडीचा दाब सोसणारा सांगाडा वेल्ड करणे हे वेल्डिंगमधले सर्वांत अवघड काम मानतात, आणि ते मुंबईच्या माणसांनी करून दाखवले. दलालीच्या आरोपांच्या वादळात पुढच्या दोन पाणबुड्या बारगळल्या. १९९४ मध्ये ‘शंकुल’ दाखल झाल्यावर नव्या पाणबुडीचा करार थेट ऑक्टोबर २००५ मध्ये, फ्रेंच स्कॉर्पिनचा झाला, आणि तोवर शिकलेली माणसे पांगली होती. तेच कौशल्य आपण दुसऱ्यांदा, दुसऱ्या देशाकडून, नव्याने पैसे मोजून शिकलो. त्या मालिकेतली सहावी ‘वागशीर’ १५ जानेवारी २०२५ रोजी दाखल झाली. जर्मन कंपनीच्या सहकार्याने आणखी सहा पाणबुड्या बांधण्याची चर्चा गेली काही वर्षे चालू आहे. करारावर सही होऊन पहिला पत्रा कापला जाईपर्यंत ‘वागशीर’वर काम केलेले हात कुठे असतील, हा प्रश्न संरक्षण खात्याला विचारायला हवा. परदेशी खरेदी बंद करण्याइतकेच देशी मागणीत खंड पडू न देणेही गरजेचे आहे, आणि त्याला समारंभ नसतो.

मुंबईपुरते बोलायचे तर इंजिनाची ही अडचण जुनीच आहे. एके काळी ब्रिटिश नौदल आपल्या युद्धनौका मुंबईच्या गोदीत वाडिया या पारशी जहाजबांधणी घराण्याकडून सागवानात बांधून घेत असे; १८१७ मध्ये इथे बांधलेली ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही पाण्यावर आहे. बारा वर्षांनी, १८२९ मध्ये, त्याच गोदीत ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट बांधली गेली. तिचा सांगाडा मुंबईचा होता आणि इंजिने इंग्लंडहून आली होती.

गोव्यात वास्को येथे बांधल्या जात असलेल्या ‘त्रिपुट’ आणि ‘तवस्या’ या ‘तमाल’च्या धाकट्या बहिणींचे जलावतरण अनुक्रमे जुलै २०२४ आणि मार्च २०२५ मध्ये झाले आहे. त्या नौदलात दाखल होतील तेव्हा आपल्या दैनिकात साहजिकच पहिल्या पानावर छायाचित्र येईल. त्या बातमीत नौकेची लांबी, वेग आणि क्षेपणास्त्रांची संख्या यांच्याशेजारी इंजिन, गिअरबॉक्स आणि रडार कोणत्या देशातून आले, याची एक ओळ आवर्जून छापावी, एवढी विनंती करतो.

आपला नम्र,
एक निवृत्त लघुउद्योजक
माझगाव, मुंबई