पीटर पॅनच्या गोष्टीतला मूळचा अंधार

संपादक महोदय,

ब्रिटिश लेखक जे. एम. बॅरी यांच्या पीटर पॅन या कधीही मोठ्या न होणाऱ्या मुलाच्या कथेवर बेतलेली, किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेली एक कादंबरी मी नुकतीच वाचून संपवली. मूळ गोष्टीची काळी बाजू प्रथमच उजेडात आणत असल्याचा तिचा दावा असल्यामुळे मी ती उत्सुकतेने हाती घेतली होती, परंतु शेवटच्या पानापर्यंत पोहोचताना माझी घोर निराशा झाली. या पुनर्कथनात पीटर हा मुले पळवणारा क्रूरकर्मा आहे, तो राहतो ते नेव्हरलँड हे काल्पनिक बेट म्हणजे तुरुंग आहे आणि त्याच्यासोबत तिथे गेलेली मुलगी वेंडी सूडाच्या भावनेने हाती खंजीर घेते. प्रत्येक प्रकरणात रक्त सांडते, तरीही एकदाही अंगावर काटा येत नाही.

लेखिकेने गोष्ट अंधारी केली, याबद्दल माझी तक्रार नाही. मूळ कथा म्हणजे उडणाऱ्या मुलांची गोड परीकथा असे तिने धरून चालावे आणि त्यात बाहेरून अंधार आणून ओतावा, याचे मला वाईट वाटते. हे पात्र १९०४ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर नाटकातून गाजले आणि १९११ मध्ये बॅरी यांनी त्याची कादंबरी केली. ती कादंबरी लक्षपूर्वक वाचली, तर नेव्हरलँडमध्ये पीटरसोबत राहणारी ‘हरवलेली मुले’ मोठी होऊ लागली की, मोठे होणे नियमाविरुद्ध असल्याने, पीटर त्यांची संख्या कमी करतो, असे बॅरी जाता जाता सांगून पुढे निघून जातात. ती कशी कमी करतो, हे ते सांगत नाहीत. मला वाटते, त्या न सांगण्यातच सगळी भीती साठलेली आहे. नव्या कादंबरीत याच प्रसंगाला दोन प्रकरणे दिली आहेत, आणि सगळे काही दाखवून झाल्यावर वाचकाच्या मनात घोळत राहील असे काहीच उरलेले नाही.

पीटरच्या क्रौर्याचे मूळही बॅरींच्या कादंबरीत अधिक खोल आहे. आपण आईकडे घरी परत आलो तेव्हा खिडकीला गज लावलेले होते आणि आपल्या अंथरुणात दुसरेच बाळ झोपले होते, असे तो सांगतो. हाताच्या जागी लोखंडी आकडा असलेला चाच्यांचा कप्तान हुक याला मारल्यानंतरच्या रात्री तो झोपेत बराच वेळ रडतो आणि वेंडी त्याला घट्ट धरून ठेवते, मात्र वर्षभराने ती हुकचे नाव काढते तेव्हा हुक कोण, हेच त्याला आठवत नाही. त्याची सोबतीण असलेली परी टिंकर बेलही त्याच्या स्मरणातून पुसली गेलेली असते. जो काहीच लक्षात ठेवू शकत नाही, त्याला पश्चात्ताप होणार तरी कसा? सूडकथेतल्या सरधोपट खलनायकापेक्षा हा मुलगा कितीतरी भयंकर आहे आणि तितकाच केविलवाणाही. बॅरी सहा वर्षांचे असताना, १८६७ मध्ये, त्यांचा थोरला भाऊ डेव्हिड चौदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी बर्फावरील अपघातात दगावला. आपण मोठे झालो तरी तो तेरा वर्षांचाच राहिला, असे त्यांनी पुढे आईवरच्या पुस्तकात नोंदवले आहे. कधीही मोठा न होणारा मुलगा ही कल्पना अशा घरातल्या माणसाच्या हातून उतरली आहे, हे विसरून तिच्याकडे निव्वळ मनोरंजन म्हणून पाहता येत नाही.

हुक मेल्यावर पीटर त्याच्या कपड्यांतून शिवलेला पोशाख घालतो, त्याच्या खोलीत त्याची सिगार धरायची नळी तोंडात ठेवून बसतो आणि एका हाताची मूठ वळून तर्जनी आकड्यासारखी वाकवून धरतो. मूळ पुस्तकातल्या या चार ओळींतून एक संपूर्ण काळीकुट्ट कादंबरी उभी राहू शकली असती. ज्याला मारले त्याचेच रूप घेऊ पाहणारा मुलगा हा विषय सोळा-सतरा वर्षांच्या वाचकाला, जो स्वतः कोणत्या प्रकारचा मोठा माणूस होणार या प्रश्नाशी झगडत असतो, थेट जाऊन भिडला असता. लेखिकेने मात्र या प्रसंगाला स्पर्शही केलेला नाही.

किशोरवयीन वाचकांना अंधाराची समज नसते, असा समज करून घेणे अन्यायाचे आहे. ती समज त्यांना पुरेपूर असते, आणि म्हणूनच आरडाओरडा करून दाखवलेले भय त्यांना चटकन पोकळ वाटते. आपल्या वृत्तपत्रात अशा पुनर्कथनांची परीक्षणे येतात, तेव्हा परीक्षकाने मूळ पुस्तकही वाचलेले असावे आणि नव्या लेखकाने त्यातले काय उचलले व काय सोडून दिले, हे त्याने वाचकांना सांगावे, अशी माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक