शुगरवाल्यांसाठीची ती ओळ मोठ्या अक्षरात छापा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

काल रविवारच्या पुरवणीत 'एका महिन्यात १० किलो' म्हणून वजन उतरवायचा तक्ता छापलाय, अर्धं पान, रंगीत. सकाळी गरम पाण्यात लिंबू, दुपारी बारापर्यंत पोटात काही नाही, आणि त्यातच तासभर जोरात चालायचं. 'डॉक्टरांचा सल्ला घ्यावा' हे खाली कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात. ती ओळ वाचायला मला चष्मा लावून खिडकीपाशी जावं लागलं. काल दिवसभर राग गिळला, आज लिहिल्याशिवाय राहवेना.

कारण असाच एक तक्ता गेल्या वर्षी आमच्या फ्रिजवर चिकटवलेला होता. ह्यांनी कुठल्याशा पेपरातनं कापून आणलेला. ह्यांना बारा वर्षं शुगर आहे, नाश्त्याआधीची गोळी चालू. तिसऱ्या दिवशी गोळी घेतली, लिंबूपाणी प्यायले आणि रंकाळ्याला चालायला निघाले. मी म्हटलं, अहो निदान दोन घास पोहे तरी खा, तर म्हणे तक्त्यात बसत नाही. पाऊण तासानं फोन वाजला, नंबर ह्यांचा पण आवाज दुसऱ्याच कुणाचा. माझे तर हातपायच गळाले. कठड्याला धरून बसले होते, शर्ट घामानं चिंब, हात थरथरतायत, काय होतंय विचारलं तर धड बोलता येईना. जमलेले लोक हार्ट अटॅक म्हणत होते. चहाच्या गाड्यावरच्या पोरानं मात्र ह्यांच्या खिशातली गोळ्यांची पट्टी बघितली आणि ग्लासभर पाण्यात तीन-चार चमचे साखर ढवळून पाजली, त्याच्या वडलांना पण शुगर आहे म्हणून त्याला कळलं. मी रिक्षानं पोचले तोवर हे मला ओळखायला लागले होते. दवाखान्यात मशीनवर ५८ आली, आणि ती साखर पोटात गेल्यावर! डॉक्टरांनी मग समजावलं की ही गोळी शरीराला इन्शुलिन सोडायला लावते, वर खाणं नाही आणि चालणं मात्र जास्त, मग साखर खाली येणारच, ७० च्या खाली गेली की धोका. हेच रस्ता ओलांडताना झालं असतं तर? त्या पोराला दिवाळीत फराळाचा डबा देताना मला रडू आवरलं नाही.

वजन उतरवू नये असं मी म्हणत नाहीये. ह्यांचं ८४ होतं, उतरवायलाच पाहिजे होतं. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबात आठवड्याला अर्धा किलो कमी होणं सुरक्षित, म्हणजे महिन्याला दोनच्या आसपास. तुमचे दहा कुठनं आले?

आम्ही नंतर जे केलं ते कुठल्या तक्त्यात छापण्यासारखं नाही, फार साधं आहे. ह्यांचा दिवसाला चार कप चहा, शुगर असून कपाला दीड चमचा साखर, मी ओरडून थकले होते. चमच्याला पाच ग्रॅम धरले तरी नुसत्या चहातच तीस ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसभराचं सगळं मिळून २५ च्या आत ठेवलेलं बरं, तेही निरोगी माणसानं. एकदम बंद केली असती तर घरात भांडणं झाली असती, म्हणून दर पंधरवड्याला पाव चमचा कमी करत गेले, आता बिनसाखरेचा पितात आणि दुसरीकडे गोड चहा मिळाला तर अर्धा ठेवतात. तेल ओतायचं सोडून चमच्यानं घालायला लागले, चार माणसांत महिन्याला पाच किलो लागायचं ते साडेतीनवर आलं. रविवारचा तांबडा-पांढरा चालू आहे, फक्त वरचा कट काढून ठेवते. रात्री जेवून स्कूटरवर गंगावेशीला दूध कट्ट्यावर जायचे, म्हशीचं ग्लासभर दूध रोजचं ठरलेलं, आता तेवढंच अंतर पायी आणि दूध फक्त शनिवारी. सासूबाई शतपावली म्हणायच्या तीच ही. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं पाय हलले की रक्तातली साखर स्नायू वापरतात, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर ह्यांना पटलं, आई सांगत होती तेव्हा नाही. दहा महिन्यांत साडेपाच किलो गेले, गोळीचा डोस डॉक्टरांनी स्वतः अर्धा केला. एक दिवस उपाशी राहावं लागलं नाही.

त्याच तक्त्यात 'साखरेऐवजी गूळ हवा तेवढा' असंही आहे. माझ्या वडलांचं गुऱ्हाळ होतं, गुळावर माझं प्रेम कमी नाही, पण १०० ग्रॅमला पावणेचारशेच्या वर कॅलरी त्यातही आहेतच, साखरेच्या जवळपास तेवढ्याच, आणि रक्तातली साखर तोही वाढवतो. कोल्हापुरात बसून गुळाबद्दल असं काहीही छापू नका हो. शुगरवाले लोक विश्वास ठेवतात, पेपरात आलंय म्हणतात.

तेव्हा विनंती एवढीच, की शुगर-बीपीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहू नये ही ओळ पुढच्या रविवारी त्याच पानावर, मथळ्याएवढ्याच अक्षरात छापा.

आणि चालायचं म्हणता तर कुठं चालायचं तेही एकदा लिहा. आमच्या रस्त्याच्या फुटपाथवर संध्याकाळी सातनंतर टू-व्हीलर लावलेल्या असतात, खांबावरचे दोन दिवे महिनाभर बंद आहेत, साठीची माणसं अंधारात चालत्या गाड्यांच्या मधनं शतपावली करतायत. फोटो काढून ठेवलेत, सांगाल तेव्हा पाठवते.

आपली,
एक जुनी वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर
(कृपया नाव छापू नये)