बालेवाडीच्या स्टँडमध्ये वही घेऊन बसलेल्या काकूंना, मनापासून थँक्यू

प्रिय काकू,

तुमचं नाव मला माहीत नाही. त्या दिवशी विचारायचं राहून गेलं, निघताना गर्दीत तुम्ही पुढे गेलात आणि मी लेकीची बॅग शोधत बसले. म्हणून हे असं उघड पत्र लिहितेय. तुमच्या ओळखीतल्या कोणी वाचलं तर पोचवेलच तुमच्यापर्यंत. खूण सांगते, फिकट निळी छत्री, चष्म्याला दोरी आणि मांडीवर बारीक रेघांची वही, ज्यात तुम्ही पेन्सिलने एकेक पॉइंट लिहीत होतात.

८ एप्रिल २०२५, मंगळवार. बिली जीन किंग कप, म्हणजे देशादेशांच्या महिला टेनिस टीमची स्पर्धा, तिच्या आशिया-ओशनिया ग्रुप वनचा पहिला दिवस, भारत विरुद्ध न्यूझीलंड. माझी १३ वर्षांची लेक तुमच्या शेजारी येऊन बसली ती तोंड पाडूनच. तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं की तिने तीन आठवडे रॅकेटला हात लावला नव्हता. क्लबच्या टीममध्ये तिला घेतलं पण रिझर्व्ह म्हणून, अख्ख्या स्पर्धेत एक मॅच मिळाली नाही, इतरांचे टॉवेल आणि बाटल्या सांभाळल्या आणि घरी येऊन म्हणाली, आई मला टेनिस नको आता. मी समजावलं, रागावले, मग गप्प बसले. बालेवाडीला आणलं ते सुद्धा शेवटचा उपाय म्हणून, आणि खरं सांगू का काकू, मला स्वतःलाही या स्पर्धेतलं काही कळत नव्हतं. टीमचं टेनिस म्हणजे काय, कोण कधी खेळतं, एकजण जिंकली तर पुढे काय, सगळाच अंधार होता.

मी लेकीला विचारलं की आता ही जिंकली म्हणजे भारत जिंकला का, आणि तिच्याआधी तुम्हीच वळून म्हणालात, नाही हो, अजून दोन मॅच आहेत. मग जे सांगायला लागलात ते ऐकतच राहिले मी. एका लढतीत दोन सिंगल्स आणि एक डबल्स, आधी दोन्ही टीमच्या दोन नंबरच्या खेळाडू, मग एक नंबरच्या, आणि शेवटी डबल्स. सहा टीम, प्रत्येकीशी एकेक लढत, पाच दिवसांत पाच, वरच्या दोघी प्लेऑफला, म्हणजे पुढच्या पायरीच्या लढतींना जाणार. कॅप्टन कोर्टवरच खुर्ची टाकून बसतो, एरवीच्या टूर्नामेंटमध्ये असं नसतं, म्हणून दर चेंजओव्हरला, म्हणजे खेळाडू बाजू बदलताना, आपला कॅप्टन विशाल उप्पल काय सांगतोय ते बघायचं. एवढं सगळं तुम्ही एक पॉइंटही न चुकता लिहीत लिहीत सांगितलंत. मी तर बोलता बोलता रस्ता चुकणारी बाई आहे.

आपली श्रीवल्ली भामिडिपाती तिची सिंगल्स जिंकली तेव्हा लेक पहिल्यांदा सीटवरून जराशी पुढे सरकली. मग सहजा यमलापल्ली उतरली, समोर न्यूझीलंडची लुलू सन. ही तीच, जी २०२४ ला क्वालिफायिंगमधून येऊन विम्बल्डनच्या क्वार्टर फायनलपर्यंत गेली होती, तुम्हीच सांगितलंत. डावखुरी आहे, तिची सर्व्ह डाव्या कोर्टात बॅकहँडच्या बाहेर पळते, सहजाला प्रत्येक वेळी कोर्टाबाहेर ओढून नेते, बघ कशी ते, असं तुम्ही लेकीला बोटाने दाखवलंत. आणि तिने बघितलं! तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिने कुठल्या बॉलकडे नीट बघितलं.

सहजा मागे पडत गेली तशी लेक परत आक्रसली. म्हणाली, हरणारच आहे आता, चल जाऊया. तेव्हा तुम्ही जे केलंत त्यासाठी खरं तर हे सगळं पत्र आहे.

तुम्ही वहीचं कोरं पान काढलंत, पेन्सिल तिच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "बाळ, स्कोअर मी लिहिते, तू लिहू नकोस. तू फक्त आपल्या बेंचकडे बघ. तिथलं कोणी टाळ्या वाजवत उभं राहिलं की एक टिंब काढायचं. बास."

तिला वाटलं हा काहीतरी टाइमपास आहे. पण पेन्सिल हातात आली की मुलं बसतातच जरा वेळ. मग मी बघत होते, तिची मान कोर्टवरून बेंचकडे, बेंचवरून कोर्टकडे. टिंब. परत टिंब. सहजाने एखादा चांगला रिटर्न मारला की टिंब, ते मला कळलं. पण डबल फॉल्ट झाला तरी टिंब! लेकीने तुम्हाला विचारलंसुद्धा, पॉइंट गेला तरी त्या का उभ्या राहतायत? तुम्ही म्हणालात, तू काढत राहा, नंतर मोजू.

सहजा हरली. १-१. आता सगळं डबल्सवर. अंकिता रैना आणि प्रार्थना ठोंबरे. या दोघींबद्दल तुम्ही मध्येच जे सांगत होतात ते मी घरी येऊन सगळ्यांना ऐकवलंय. प्रार्थना बार्शीची. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची पोरगी सानिया मिर्झाबरोबर २०१४ च्या इंचिऑन एशियन गेम्समध्ये डबल्सचं ब्राँझ जिंकते आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिकला जाते, आणि आमच्यासारख्यांना ते नीट माहीतही नसतं. अंकिता मूळची अहमदाबादची पण कितीतरी वर्षं पुण्यात हेमंत बेंद्रे सरांकडे घडली, २०१८ च्या जकार्ता एशियन गेम्सला सिंगल्सचं ब्राँझ तिचं. हे सांगताना तुमचा आवाज जरा भरून आला होता काकू, घरातल्या मुलीबद्दल बोलावं तसा.

डबल्सही गेली. पहिल्याच दिवशी १-२ हार. आजूबाजूचे लोक उठायला लागले. लेक गप्प, पेन्सिल तशीच हातात. मग तुम्ही म्हणालात, चल मोजूया.

श्रीवल्लीच्या मॅचची टिंबं नव्हतीच, ती आधीच झाली होती. सहजाच्या मॅचला सत्तेचाळीस. डबल्सला लेकीने चार ओळी भरल्या होत्या आणि पाचवीच्या मध्ये मोजायचं चुकल्यामुळे तिथे एक मोठं वर्तुळ काढून ठेवलं होतं. तुम्ही तुमचं स्कोअरचं पान तिच्या पानाशेजारी धरलंत आणि काही न बोलता बोट फिरवलंत. जिथे जिथे आपले गेम जात होते तिथे टिंबं दाट होती. जिंकत होतो तिथे विरळ. लेक बराच वेळ ते बघत होती. मग एकदम म्हणाली, म्हणजे हरताना जास्त उभ्या राहिल्या त्या? तुम्ही नुसती मान हलवलीत. मग त्या बेंचकडे बोट करून म्हणालात की या टीमबरोबर मायाही आहे, माया राजेश्वरन, १५ वर्षांची, रिझर्व्ह म्हणून, तुझ्याहून फक्त दोन वर्षांनी मोठी.

तुम्हाला कसं कळलं काकू? आम्ही तर तुम्हाला रिझर्व्हचं काहीच बोललो नव्हतो. मी खूप विचार केला यावर. मला वाटतं तुम्हाला कळलं नव्हतंच, तुम्ही सहज बोललात. पण लेकीच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी बाजूने बघितलं, ते विसरणं शक्य नाही.

आणि जाता जाता तुम्ही दुबईची गोष्ट सांगितलीत. २०२० चा मार्च, तेव्हा या स्पर्धेला फेड कप म्हणायचे. आई झालेली सानिया चार वर्षांनी टीममध्ये परत आलेली, लहानगा मुलगा सोबत. पहिली लढत चीनशी आणि हार. मग उझबेकिस्तान, कोरिया, तैपेई, आणि शेवटी इंडोनेशिया. त्या शेवटच्या लढतीत ऋतुजा भोसले पहिली सिंगल्स हरली, अंकिताने दुसरी जिंकली आणि तशीच परत सानियाबरोबर डबल्सला उतरून ती पण जिंकली. सलग चार विजय आणि भारताची टीम पहिल्यांदाच, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, प्लेऑफला. तुम्ही म्हणालात, "पहिली हरलो म्हणून उठून जायचं नसतं गं, अजून चार आहेत."

आम्ही त्या दिवशी घरी गेलो आणि लेकीने पहिलं काम काय केलं माहितीये? कपाटावरून रॅकेट काढली, ग्रिप घामाने आधीच खराब झालेली ती सोलून काढली आणि नवीन गुंडाळत बसली. मी काही बोलले नाही, बोलले असते तर बिघडलं असतं.

मग पुढचे चार दिवस तुम्हाला माहीतच आहेत. थायलंड २-१. हाँगकाँग २-१. चायनीज तैपेई २-१. शनिवारी कोरिया, परत २-१. म्हणजे पाचही लढती २-१ नेच लागल्या, एक आपल्या विरुद्ध आणि चार आपल्या बाजूने, म्हणजे रोज एकेका मॅचवर सगळं लटकलेलं. श्रीवल्ली पाचच्या पाच सिंगल्स जिंकली. हैदराबादच्या त्या उंच मुलीने पाच दिवस खांद्यावर टीम वाहिली असंच मी म्हणेन, पण लेक लगेच मला दुरुस्त करते, म्हणते एकटीने एकच पॉइंट येतो आई, दुसरा कोणीतरी आणावाच लागतो. बरोबर आहे तिचं. न्यूझीलंड पहिलं, आपण दुसरे, दोघेही प्लेऑफला. अगदी दुबईसारखं, पहिली हार आणि मग सलग चार! लेक त्या रात्री ओरडत होती, काकूंनी सांगितलेलं, काकूंनी सांगितलेलं!

शनिवारी आम्ही आलो होतो परत. त्याच बाजूला बसलो, छत्री शोधत होतो. स्टँड भरलेलं होतं, तिरंगे, शाळेतली मुलं, शेवटचा पॉइंट झाल्यावर जो आवाज झाला त्याने अंगावर काटा आला माझ्या. बेंचवरच्या सगळ्या मुली कोर्टवर धावल्या. आपल्या टीमच्या कोच राधिका कानिटकर पुण्याच्याच, त्यांच्यासाठी तर हे घरच्या मैदानावर झालं, हे पण आम्हाला तुमच्यामुळेच माहीत होतं. लेकीने तिची स्वतःची वही आणली होती, टिंबांची. तुम्ही दिसला नाहीत म्हणून ती सारखी मागे वळून बघत होती.

नोव्हेंबरमध्ये बंगळुरूला प्लेऑफ झाले, ते आम्ही मोबाईलवर बघितले. स्लोव्हेनियाशी १-२ आणि नेदरलँड्सशी ०-३. वाईट वाटलं, खूप. २०२१ ला लॅटव्हियामध्येही असंच झालं होतं, दुबईत जिंकून प्लेऑफपर्यंत गेलो आणि तिथे लॅटव्हियाची स्टार ओस्टापेन्को हिच्या टीमने अडवलं. त्या वरच्या पायरीवर युरोपातल्या टीमच्या मुली वर्षभर मोठ्या स्पर्धा खेळून आलेल्या असतात, आपल्या मुली बऱ्याचदा आयटीएफ म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या छोट्या छोट्या स्पर्धांमधून पॉइंट गोळा करत स्वतःच तिकीट, स्वतःच हॉटेल, स्वतःच सगळं बघत फिरतात, तो फरक एका वीकेंडला भरून निघत नाही. माझं मत आहे की या टीमला पुण्यात आणि बंगळुरूत जितके लोक बघायला आले तितके दरवेळी यायला हवेत, पेपरात कोपऱ्यातली चार ओळींची बातमी पुरे नाही. नेदरलँड्सची लढत चालू असताना कॅमेरा बेंचवर गेला की लेक स्क्रीनवर बोट ठेवून टिंब म्हणायची. ०-३ ला सुद्धा.

आता लेकीचं सांगते. ती परत खेळायला लागली. क्लबच्या पुढच्या स्पर्धेत काकू ती परत रिझर्व्हच होती. यावेळी मी धास्तावले होते, ती नाही. टीममधली एक मुलगी निर्णायक मॅचमध्ये १-४ मागे होती आणि आमची ही बेंचवर उभी राहून असा काही आवाज करत होती की समोरच्या टीमचे पालक वळून बघायला लागले. दुसऱ्या दिवशी घसा बसलेला, पाणी गिळता येईना. मॅच हरले ते. त्या मुलीने येऊन हिला मिठी मारली आणि दोघी रडल्या, मी पार्किंगमध्ये थांबून राहिले. त्यानंतर कोचने हिला डबल्सला उभं केलं, नेटवर, आणि तिथे ती खुलली आहे. व्हॉलीला पुढे येते, आधी घाबरायची. प्रार्थना ताईचे जुने व्हिडिओ काढून बघते, पाय कसे हलतात ते थांबवून थांबवून बघते.

मला हे कोणी शिकवलं नव्हतं. मी चांगली आई आहे असं मला वाटतं, पण मी तिला सारखं सांगत होते की पुढच्या वेळी तुला घेतील, पुढच्या वेळी तू खेळशील. म्हणजे मी सुद्धा हेच मानत होते की बाहेर बसणं म्हणजे काहीच नसणं. तुम्ही एका कोऱ्या पानावर ते माझ्याही डोक्यातून काढून टाकलंत. तिला उपदेश केला नाहीत, तिच्या पाठीवर हात सुद्धा ठेवला नाहीत, नुसती पेन्सिल दिलीत. त्यासाठी काकू मनापासून, अगदी मनापासून थँक्यू.

एक कबुली द्यायची राहिली. ते टिंबांचं पान तुम्ही फाडून तिला दिलंत, ते तिच्या टेबलासमोर भिंतीवर आहे. पण तुमची पेन्सिल परत द्यायची राहिली. आखूड झालेली, मागचं रबर चावलेलं, लाल-काळ्या पट्ट्यांची. ती तिच्या किट बॅगच्या पुढच्या कप्प्यात असते, मॅचला जाताना ती आहे ना हे ती दरवेळी चेक करते. टीम परत बालेवाडीत खेळायला आली की आम्ही त्याच बाजूला बसू, छत्री दिसली की पेन्सिल परत करू. लेक म्हणते, टोक करून देऊ.

तुमची,
त्या दिवशी शेजारी बसलेल्या मुलीची आई